कढीपत्त्यावर औषध मारू नका

इंग्लंड,
९ ऑगस्ट

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, कढीपत्त्याला अळ्या लागल्यात आणि शनिवारी तुम्ही पंप काढणार. तेवढं थांबा. टपाल पोचेपर्यंत शनिवार उलटून जाईल, म्हणून याच पत्राचा फोटो ताईच्या मोबाईलवरही धाडतेय.

इथं घरामागच्या रानात ओकची जुनी झाडं आहेत. आपल्याकडचं बांज, ते हिमालयातलं, याच कुळातलं. त्यावर पर्पल हेअरस्ट्रीक नावाचं फुलपाखरू राहतं. नाव एवढं मोठं, पण पंख पसरून चार सेंटिमीटरही भरत नाही. जुलैभर मी दुपारी फुलांवर शोधलं, एक दिसेल तर शपथ! शेजारचे आजोबा हसले. म्हणाले, मान वर कर, तीही संध्याकाळी. सातच्या उन्हात बघितलं, तर शेंड्याशी कुणी चुरमुरे उधळावेत तशी भिरभिरत होती. एक खालच्या फांदीवर बसलं, तेव्हा नीट दिसलं. राखाडी पंखावर पांढरी रेघ, शेपटीपाशी नारिंगी ठिपका. उघडले तेव्हा आत जांभळी झाक.

फुलांशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पानांवर माव्याची कीड पडते, तिचा चिकटा चाटून राहतं. आपल्या शाळूवर पडतो ना, तसलाच. तुम्ही ज्याला शिव्या घालता, ते याचं जेवण!

मादी उन्हाकडच्या फांदीवर, पालवीच्या डोळ्याच्या बुडाशी एकेक अंडं घालते. अळी आत तयार होते, पण बाहेर येत नाही. अख्खी थंडी अंड्यातच. डोळे फुगायला लागले की निघते आणि थेट त्यातच शिरते. थंडीत कुणी फांद्या छाटल्या, की संपलं. पुढं ती खाली उतरून पाचोळ्यात कोष करते. तो पुष्कळदा मुंग्यांच्या घरातच सापडतो. कोष बारीक कुरकुरतो म्हणे, त्यानं मुंग्या येतात.

आपल्या अळ्या चिमणीच्या शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या असतील, तर त्याही फुलपाखराच्याच. मोठ्या होऊन हिरव्या झाल्या की काडीनं हळूच डिवचा. डोक्यामागून लाल शिंगं काढतात, वासही येतो. तिकडं साताऱ्याजवळ महादऱ्यात फुलपाखरांसाठी रान राखायचं आणि आपण परसात पंप मारायचा, होय?

आमटीपुरती पानं काकूंकडून आणा. कोष झाला की फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळेल.

तुमची,
धाकटी