‘मेदव्येद’ म्हणजे मध खाणारा, जाणणारा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जगातल्या भाषा संस्कृतातून कशा निघाल्या हे सांगणारा लेख वाचला. त्यात रशियन भाषेतला अस्वलाचा शब्द ‘मेदव्येद’ हा ‘मधु + वेद’, म्हणजे मध जाणणारा, असा फोडून दाखवला आहे. हंगेरियन ‘मेझ’ आणि फिनिश ‘मेसि’ हे मधाचे शब्दही ‘मधु’चा अपभ्रंश होऊन तिकडे गेले, असं पुढे म्हटलं आहे. तोच मजकूर आता आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरतो आहे आणि मुलं मला विचारताहेत, ‘बाई, हे खरं का?’ मी हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवलं. माझं माहेर भुदरगड तालुक्यात, पाटगावच्या बाजूचं. आमच्या परड्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या असायच्या. मध आणि संस्कृत ही दोन्ही माझ्या जिव्हाळ्याची, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आधी मेदव्येद. रशियन ज्यांच्यातली एक, त्या स्लाव्ह भाषांच्या जुन्या रूपात हा ‘मेदु’ म्हणजे मध आणि ‘एद’ म्हणजे खाणे यांचा समास आहे. हा ‘एद’ म्हणजे आपला अद् धातू. अत्ति, अदन्ति, अन्न ज्यातून येतात तोच. मग मधला ‘व’ कुठला? आठवी-नववीतल्या मुलांना पाठ असलेल्या यण् संधीचा. मधु + अद् = मध्वद्. उकारापुढे वेगळा स्वर आला की उ चा व होतो, आणि नेमकं तेच तिकडे घडलं आहे. लेखकाने तो ‘व’ पुढच्या शब्दाला जोडला आणि ‘वेद’ तयार झाला. खुद्द रशियातही पुष्कळांना हा शब्द ‘मध जाणणारा’ असाच वाटतो, कारण जाणणे या अर्थाचा, आपल्या विद्‌चा सख्खा भाऊ असलेला धातू त्यांच्या भाषेत आहे. पण समजूत कितीही गोड असली तरी विग्रह चुकीचा तो चुकीचाच. खरा विग्रह तर आपल्याला जास्त जवळचा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातलं १६४ वं सूक्त घ्या. ‘द्वा सुपर्णा’ ही सर्वांना ठाऊक असलेली ऋचा त्यातलीच. तिच्या पुढे दोनच ऋचा गेलं की झाडावर बसलेल्या पक्ष्यांना ‘मध्वदः सुपर्णाः’ म्हटलं आहे, मध खाणारे पक्षी. वेदात जे पक्ष्याचं विशेषण आहे, ते स्लाव्हांकडे अस्वलाचं नाव होऊन बसलं.

ते का झालं, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे दिवेलागण झाली की सापाचं नाव घेत नसत. ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं. चावला तर ‘पान लागलं’. उत्तरेकडच्या जंगलात अस्वलाचा दरारा तसाच होता. अस्वलाचा मूळचा शब्द आपण ‘ऋक्ष’ म्हणून जपला, ग्रीकांनी ‘आर्क्तोस’ म्हणून, रोमनांनी ‘उर्सुस’ म्हणून. स्लाव्हांनी तो उच्चारायचंच टाळलं आणि पिढ्यान्‌पिढ्या टाळता टाळता तो विसरून गेले. उरलं ते आडून घेतलेलं नाव, मध खाणारा. पोलिश भाषेत तर पहिल्या ‘म’चाही ‘न’ झाला आणि ‘न्येज्व्येच’ असं ओळखू न येणारं रूप तयार झालं. फिनिश लोकांची भाषा निराळ्या कुळातली, पण त्यांनीही अस्वलाला ‘मेसिक्याम्मेन’ म्हटलं: मधाच्या तळव्याचा.

आता उरलेल्या दाव्याकडे येते. फिनिश, एस्टोनियन, हंगेरियन आणि रशियात व्होल्गेच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या एर्झ्या, मोक्षा, मारी या युरालिक कुळातल्या भाषा. रशियन, पोलिश, चेक या स्लाव्ह भाषा मात्र मराठी-संस्कृतच्याच इंडो-युरोपीय कुळातल्या. हा फरक कोल्हापूरकरांना तरी अवघड वाटू नये. निपाणीच्या पुढे गेलं की मधाला ‘जेनुतुप्प’ म्हणतात. कानडी वेगळ्या कुळातली. आपण अक्का, अण्णा हे शब्द तिच्याकडून घेतले, रोज वापरतो, म्हणून मराठी कानडीची लेक ठरत नाही. युरालिक भाषांनी मधाचा शब्द असाच शेजाऱ्यांकडून घेतला. स्लाव्हांकडे मात्र तो वारशाने आला, जसा आपल्याकडे आला. पोलिश ‘म्यूत’, रशियन ‘म्योत’ आणि संस्कृत ‘मधु’ ही भावंडं. फिनिश ‘मेसि’ ही त्या घरात वाढलेली नव्हे, तिथून उसनी नेलेली चीज.

आणि ती कधी नेली, हे शब्दाच्या स्वरावरून कळतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. फिनिश ‘मेसि’ची षष्ठी ‘मेदेन’ होते, म्हणजे तो ‘स’ मूळचा त-वर्गातला. हंगेरियनमध्ये त्याच जागी ‘झ’ येतो (‘माझा’तल्या झ सारखा उच्चार). हा योगायोग नाही. फिनिश ‘क्यासि’, हंगेरियन ‘केझ’ म्हणजे हात. फिनिश ‘वेसि’, हंगेरियन ‘वीझ’ म्हणजे पाणी. मधाचा शब्द हात-पाण्याच्या रांगेत अगदी नियमाने बसतो, याचा अर्थ या भाषा एकमेकींपासून दूर जाण्याआधीच तो त्यांच्यात आला होता. पण त्या सगळ्यांत स्वर ‘ए’ आहे. स्लाव्ह भाषांत ‘ए’, लिथुआनियन ‘मेदुस’मध्ये ‘ए’, ग्रीक ‘मेथु’मध्ये ‘ए’. ‘अ’ आहे तो फक्त आपल्याकडे आणि इराणी भाषांत, कारण आपल्या शाखेत जुन्या ऱ्हस्व ‘ए’चा ‘अ’ झाला.

हे कुणाला पटत नसेल तर पुरावा खुद्द पाणिनीच्या सूत्रात आहे. कृ धातूचं लिट् लकारातलं (भूतकाळाचं) रूप ‘चकार’ का, ‘ककार’ का नाही, हा प्रश्न माझ्या वर्गातलं एखादं तरी चौकस मूल विचारायचंच. ‘कुहोश्चुः’ हे सूत्र सांगतं की द्वित्वात, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं तेव्हा, पुढच्या क-वर्गाचा च-वर्ग होतो. सूत्र नियम देतं. कारण भाषेच्या इतिहासात सापडतं. त्या द्वित्वात एके काळी ‘ए’ होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’ होऊन गेला. ‘जगाम’मध्येही तसंच. तेव्हा ‘मेसि’ आणि ‘मेझ’ हे शब्द ‘मधु’पासून निघाले असते तर त्यांच्यात ‘अ’ असता. ते आपल्या ‘मधु’पेक्षाही जुन्या रूपावरून घेतलेले आहेत. शंभराचा शब्द मात्र आपल्या शाखेकडूनच गेला: फिनिश ‘साता’, हंगेरियन ‘साझ’, आपलं ‘शत’. स्लाव्ह ‘स्तो’ जवळच असूनही फिनिश लोकांनी तो घेतला नाही. उरल पर्वताच्या दक्षिणेला इ. स. पू. २००० च्या आसपास सिंताश्ता नावाची जी संस्कृती होती, तिचा संबंध पुष्कळ संशोधक आपल्या इंडो-इराणी शाखेच्या पूर्वजांशी लावतात. त्यांच्या उत्तरेला जंगलात युरालिक लोक. शब्दांची देवघेव त्या शेजारातली.

हंगेरियनमध्ये तर हाच शब्द दोनदा शिरला आहे. एकदा त्या फार जुन्या काळी ‘मेझ’ म्हणून, आणि दुसऱ्यांदा हंगेरियन लोक नवव्या शतकाच्या अखेरीस आजच्या मुलखात उतरले आणि स्लाव्ह शेजाऱ्यांकडून त्यांनी अस्वलाचा शब्द उचलला तेव्हा. हंगेरियनमध्ये अस्वल म्हणजे ‘मेद्वे’. एकाच भाषेत एकाच मुळाच्या या दोन वस्तू, मध्ये काही हजार वर्षांचं अंतर. आपल्या लेखात मधाचा आणि अस्वलाचा शब्द एका दमात ‘संस्कृतोद्भव’ म्हणून संपवले आहेत, आणि त्यातली सगळी गंमत वाया गेली.

माशीची गोष्टही सांगायलाच हवी. हंगेरियनमध्ये मधमाशी म्हणजे ‘मेह’, फिनिशमध्ये ‘मेहिल्याय्नेन’, एर्झ्यात ‘मेक्श’. शेजारी आपली ‘मक्षिका’ ठेवा. क्षेत्राचं मराठीत शेत झालं, तशी मक्षिकेची माशी झाली. हिंदीने खेत आणि मक्खी केली. म्हणजे ‘मधमाशी’ या आपल्या घरगुती शब्दाचे दोन्ही तुकडे बुडापेस्टला आणि हेलसिंकीला आहेत. नुसता मध विकत घेणाऱ्यांनी मधाचं नाव नेलं असतं. माशीचंही नाव नेलं, त्यावरून मला वाटतं, त्यांनी मोहोळ काढायचं कसबच शेजाऱ्यांकडून घेतलं असावं. माझे वडील पेटी उघडताना आधी धूर देत, मग पोळ्याची चौकट उजेडाकडे धरून मला दाखवत: वरच्या बाजूला मेणाने बंद केलेला मध, खाली अंडी-पिल्लं. ‘खालच्याला हात लावायचा न्हाई,’ एवढंच बोलत. असलं शिक्षण शब्दांशिवाय एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. पोलंड आणि बेलारूसमध्ये जिवंत झाडाच्या खोडात ढोली कोरून मधमाश्या पाळायची रीत अजून आहे, २०२० साली युनेस्कोने तिची वारसा म्हणून नोंद केली. त्या ढोलीला पोलिशमध्ये ‘बार्च’ म्हणतात.

भाषा-भाषांचं नातं शोधायची शिस्तही याच मुलखांत लवकर सुरू झाली. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना, पाहायला १७६९ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेलेल्या यानोश शॉयनोविच या हंगेरियन पाद्र्याने तिथल्या सामी लोकांची भाषा ऐकली आणि १७७० मध्ये ती हंगेरियनची नातलग असल्याचं पुस्तक लिहून दाखवलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दलचं, कोलकात्यातले न्यायाधीश विल्यम जोन्स यांचं प्रसिद्ध व्याख्यान त्यानंतरचं, १७८६ चं. शॉयनोविचवर त्याचे देशबांधव चिडले होते. मासे खाणाऱ्या गरीब लोकांशी नातं त्यांना कमीपणाचं वाटलं. नातं खरं निघालं.

कोल्हापूरला या विषयाचं वावडं नसावं. १९४३ पासून युद्धानंतरची काही वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली आणि इराणमार्गे इथवर आलेली. त्याच जागी पुढे सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. त्या पोलिश मुलांचे वंशज आजही छावणीची जागा बघायला येतात. ‘तुमची भाषा आमच्या संस्कृतातून निघाली,’ असं त्यांना ऐकवण्यात काय मिळतं? ‘तुमचा म्यूत आणि आमचा मध एकाच आजीकडचे,’ हे सांगता येतं, आणि ते खरं आहे. इराणमधून येताना त्या निर्वासितांच्या कानावर दारूसाठी ‘मेय’ हा शब्द पडला असेल, तोही याच मुळाचा. आपल्या गझलांतली ‘मय’ तीच. ‘मद्य’ मात्र यात ओढू नये, तो मद् धातूचा आहे.

आपणास विनंती एवढीच. येत्या रविवारी पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि तीत ‘मेदव्येद’चा विग्रह ‘मेदु + एद’, म्हणजे मध खाणारा, असा स्पष्ट द्यावा, ‘मेझ’ आणि ‘मेसि’ उसने शब्द आहेत हे लिहावं. चौकट लहान असेल तर माझं हे पत्र निम्मं कापलं तरी चालेल, फक्त ‘चकार’चा परिच्छेद ठेवावा. शाळेतली मुलं तेवढा भाग वहीत उतरवून घेतील.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर