पाचव्या गाण्यातली ती जागा

देसाईगंज (वडसा)

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस जवळ आले आहेत, नाटकांच्या तालमी सुरू झाल्या आहेत आणि माझे हात दिवसभर मोकळे नसतात; तरीही आज रात्री मुद्दाम बसून तुला हे पत्र लिहितो आहे. माझ्याकडे ऑक्टोपॅड शिकायला येणाऱ्या एका मुलाने परवा हट्ट धरला, ‘काका, तुमची सीडी ऐकवा न.’ त्याच्या निमित्ताने आपली ती आठ गाणी मी कितीतरी वर्षांनी सलग ऐकली आणि तेव्हापासून तुझ्याशी एक जुना हिशेब मांडायचे मनात आहे.

२००९ सालचा तो मे महिना तुला आठवत असेलच. होळीनंतर नाटके थंडावली होती, म्हणून तर आपल्याला रेकॉर्डिंगसाठी नागपूरला जायला सवड मिळाली. नागभीडहून इतवारीला जाणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीत माझा बास ड्रम दोन बाकांच्या मध्ये ठेवला होता आणि भिवापूरला चढलेल्या एका आजीबाईंनी त्यावर खुशाल मिरचीचे गाठोडे टेकवले होते. २०१९ साली ती गाडी मोठ्या लाईनच्या कामासाठी बंद झाली. बास ड्रमच्या कातड्यावरचा तांबूस डाग मात्र मी अजून पुसलेला नाही.

स्टुडिओत पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आपण सगळे एकत्र बसून वाजवू, असे मी गृहीत धरले होते. तिथे मला एकट्याला काचेच्या खोलीत बसवले, बास ड्रमच्या पोटात उशी कोंबली, एक माईक त्याच्या तोंडाशी, एक स्नेअरवर, दोन डोक्यावर लावले आणि कानात हेडफोन घालून त्यात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी यंत्राची टिकटिक, सोडली. मिनिटाला ९६ ठोके, साधा केरवा. लहानपणापासून हात बसलेला ठेका, त्यात अवघड ते काय, असे मला वाटले. पहिले कडवे संपायच्या आत ती टिकटिक माझ्या मागे पडू लागली आणि काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, ‘भाऊ, तुमची लय पळून रायली.’

मला खरेच राग आला होता. मी मनातल्या मनात त्या यंत्राला दोष देत होतो. मग त्याने बाकीचे सगळे आवाज बंद करून माझे एकट्याचे वाजवणे मला ऐकवले. कडव्यागणिक मी पुढे सरकत होतो आणि प्रत्येक उठाणीनंतर, म्हणजे ठेका उचलणाऱ्या तुकड्यानंतर, समेवर थोडा आधीच येऊन उभा राहत होतो. आरशात आपल्याच पाठीवरचा व्रण प्रथमच दिसावा, तसे मला झाले.

या खोडीचे मूळ कुठे आहे, ते तुला मी सांगायला नको. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकाला वाजवणारा माणूस घड्याळाकडे पाहत नाही, तो नटाच्या पावलाकडे पाहतो. पहाटे चार वाजता शेकोटीशी पेंगणारा प्रेक्षक जागा ठेवायचा असेल, तर लय चढवावीच लागते. खलनायक आत आला की ती चढते, लावणी सुरू झाली की आणखी चढते. इतक्या हंगामांत तेच माझ्या हाडीमाशी मुरले होते. पण मला बोचले ते वेगळेच. मी पळत होतो हे तुला ठाऊक होते, कारण माझ्या शेजारी बसून ढोलकी तूच वाजवत होतास. मी पुढे गेलो की तू गुपचूप पुढे यायचास आणि पेटीवाले काका तुझ्यामागून यायचे. तुम्ही सगळे मला सांभाळून घेत होतात आणि मी आपला समजत होतो की मंडळी माझ्या ठेक्यावर चालतात. एकदा तरी मला का सांगितले नाहीस?

पुढच्या दोन दिवसांत चार गाणी क्लिकवर कशीबशी झाली. ती ऐकायला नीटनेटकी आहेत, त्यापलीकडे त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. तुझे हाल मात्र निराळेच होते. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि बाहेरच्या खोलीत खसाच्या ताट्यांचा कूलर. त्या ओल्या हवेत तुझ्या ढोलकीची पुडी उतरायची, तू कड्या ओढून ती चढवायचास आणि माझ्या चुकीमुळे टेक फुकट जाईपर्यंत ती पुन्हा उतरलेली असायची. त्या दिवसांत तू एकदाही कुरकुरला नाहीस, हेही मी आज हिशेबात धरतो आहे.

पाचव्या गाण्याला रेकॉर्डिस्टच कंटाळला असावा. त्याने क्लिक बंद केली, तुला माझ्यासमोर आणून बसवले आणि बजावले की एकाच खोलीत वाजवलेत तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकात शिरेल, मग चूक झाली तरी ती एकट्याची काढता येणार नाही. आवाज घुमेल म्हणून एसीही बंद केला होता. घामाने माझ्या हातातली काडी निसटली ती शेवटच्या कडव्याच्या आधी, ऐन उठाणीत. दोन मात्रा माझ्याकडून काहीच वाजले नाही. तू वर पाहिलेही नाहीस. तिथे ढोलकीवर असा काही तुकडा टाकलास की मी दुसरी काडी उचलून समेवर तुझ्याबरोबरच उतरलो. ते गाणे अखेरीस सुरुवातीपेक्षा चांगलेच जलद झालेले आहे आणि आठांपैकी पुन्हा लावून ऐकावेसे वाटणारे तेवढे एकच आहे.

परवा तो मुलगा नेमका त्याच जागी थांबला. मागे नेऊन त्याने ती तीनदा ऐकली आणि म्हणाला, ‘काका, ड्रम थांबवून ढोलकीला जागा देण्याची ही युक्ती तुम्ही आधीच ठरवली होती का?’ मी हो म्हणून मोकळा झालो. आता तो रोज तीच युक्ती घोटतो आहे आणि माझी झोप उडाली आहे.

मंडईला येशील तेव्हा ढोलकी घेऊन ये, आणि खरे काय घडले ते त्याला तूच सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
ड्रमवाला