टर्बोबरोबर ब्रेकचेही बोला

रविवारच्या पुरवणीत छोट्या हॅचबॅक मोटारींना टर्बो बसवून त्यांची ताकद दुपटीवर नेणाऱ्या तरुणांवरील लेख वाचला. त्यांच्या हातचे कसब अस्सल आहे, यात दुमत नाही. मात्र लेखात हॉर्सपॉवरचे आकडे भरपूर आणि ब्रेकबद्दल अवाक्षरही नाही, हे फार खटकले. ताशी 80 ऐवजी 120 किलोमीटरने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकना सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. अनेक हॅचबॅकच्या मागच्या चाकांना आजही ड्रम ब्रेक असतात. सलग जोरात दाबले की ते तापतात आणि पेडलवर पूर्ण भार देऊनही गाडी आवरत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाचणाऱ्या मुलांना हे सांगायलाच हवे होते. वेगाची हौस भागवायला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला शर्यतीचे ट्रॅक आहेत. महाराष्ट्रातही सर्वसामान्यांना परवडेल असा ट्रॅक व्हावा, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी मुलाला शिकवणीहून आणणाऱ्या दुचाकीस्वाराला या प्रयोगात ओढू नये.

– एक वाचक, पुणे