रंगाखालची भिंत कोण पाहणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्यातील समुद्राकाठच्या जीर्णोद्धार झालेल्या घरावरचा परवाच्या अंकातील लेख वाचला. झुंबरे, दिवाणखान्यातील कोरीव खुर्च्या आणि बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावरून, दिसणारा समुद्र यांचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे व त्यातील एक अक्षरही मी खोटे म्हणणार नाही. मात्र घराच्या भिंतींविषयी लेखात एकही वाक्य नाही. थोरल्या बहिणीसह मी ते घर पाहायला गेले, तेव्हा तेथील गाइडनेही त्याविषयी अवाक्षर काढले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दिवाणखान्याच्या समुद्राकडील भिंतीला लागून एक जुने कपाट ठेवले आहे. त्याच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रंगाला फोड आले आहेत. बोट लावले तर पापुद्रा सुटतो, पांढरी भुकटी खाली सांडते आणि आतले करडे सिमेंट उघडे पडते. भिंतीला लोणा लागला आहे, म्हणजे ओलीबरोबर आलेले मीठ तिच्यावर फुटले आहे, हे मी गाइडच्या निदर्शनास आणले, तेव्हा लवकरच रंग मारणार आहेत, एवढेच सांगून आम्हाला पुढच्या खोलीत नेण्यात आले. रंग मारून हा रोग बरा होत नाही, हे गोव्यातील कोणताही जुना गवंडी सांगेल.

आपली जुनी घरे चिऱ्यांची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची. चिरा सच्छिद्र असतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात तो जमिनीतली ओल शोषून घेतो, आणि समुद्राजवळ असेल तर वाऱ्याबरोबर येणारे मीठही. शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा असला की ती ओल भिंतीतून बाहेर पडते. गिलावा झिजतो, काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो, पण चिरा शाबूत राहतो. सिमेंटचा थर आणि त्यावर प्लास्टिक रंग चढवला की ओल आतच कोंडते, मिठाचे खडे गिलावा आणि दगड यांच्यामध्ये फुगतात आणि दगडच भुसभुशीत होऊ लागतो.

मांद्र्याला आमच्या आजोबांच्या घराची मागची भिंत थोरल्या काकांनी हौसेने सिमेंटने करून घेतली होती. चार-सहा पावसाळ्यांतच तिचे पोपडे निघू लागले. गावातल्या गवंड्याला बोलावले, त्याने छिन्नीने एक पोपडा उचकटला, तर त्याच्या पाठीला चिऱ्याचा बोटभर जाडीचा थर चिकटून आला. आतला दगड त्याने नुसत्या अंगठ्याने खरवडून दाखवला आणि तांबडी माती त्याच्या तळहातावर पडली. ते सारे सिमेंट काढून, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू देऊन, मग त्याने चुन्याचा गिलावा केला. तोवर दर पावसाळ्यात समुद्राकडच्या बाजूला विणलेल्या झावळ्या बांधायची पद्धत घरात बंद झाली होती, तीही काकांनी पुन्हा सुरू केली. ती भिंत आजही उभी आहे. आमच्यासारख्या साध्या कुटुंबाला जे जमले, ते तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या वास्तूला का जमू नये?

खिडक्यांचेही तेच झाले आहे. शिंपल्यांच्या तावदानांची एकच खिडकी जिन्याजवळ शिल्लक ठेवली आहे, बाकी सर्वत्र काच आली आहे. ज्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या त्या तावदानांत बसवीत, त्या जुवारी नदीतल्या चिखलीच्या खाडीत मिळतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना २००१ साली संरक्षण दिलेले आहे. म्हणजे नव्या शिंपल्या काढता येत नाहीत आणि काढूही नयेत. अशा वेळी काढलेली जुनी तावदाने गेली कुठे, हा प्रश्न मी विचारला. गाइडला माहीत नव्हते आणि कार्यालयातही कोणी उत्तर दिले नाही.

पाहुण्यांना असल्या गोष्टींत रस नसतो, असे आम्हाला निघताना सांगण्यात आले. हे मला मुळीच मान्य नाही. तोर्ड्याच्या ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालयात तर घरे कशी बांधली गेली हाच विषय आहे, आणि लोक तेथे वाट वाकडी करून जातात.

व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की येत्या पावसाळ्यापूर्वी रंगाचा नवा हात देण्याऐवजी समुद्राकडच्या भिंतीवरचे सिमेंट उतरवावे, भिंत पुरती वाळू द्यावी आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडून गिलावा करून घ्यावा. काम सुरू असताना ते पाहुण्यांना दाखवावे. काढलेल्या तावदानांचा हिशेबही जाहीर करावा. आपल्या लेखकानेही पुन्हा एकदा तेथे जाऊन कपाटाशेजारची ती जागा पाहावी आणि तिच्याविषयी लिहावे.

आपली,
एक वाचक, मांद्रे (पेडणे)