डोंगरातल्या माणसांची नोंद कधी घेणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात हवामान खात्याचे अंदाज आणि धरणांची पातळी रोज वाचायला मिळते. ती माहिती लागतेच. पण बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा या पट्ट्यातले गवळी धनगर, कुणबी आणि सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस, चारा आणि रानमेवा पाहत आले आहेत. त्यांना काय दिसते, हे कुठल्याच आराखड्यात येत नाही. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्याकडची धूळवाफ पेरणीच घ्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी. रोहिणीत दोन दिवस सरी पडून गेल्या आणि मिरग कोरडा गेला, तर भाताचा कोंब मातीतच करपतो. पूर्वी असे क्वचित व्हायचे, आता वरचेवर होते, असे डोंगराकडची म्हातारी माणसे सांगतात. म्हणून जाणते शेतकरी सगळे बियाणे एकदम मातीत घालत नाहीत. एक वाटा कणगीत राखून ठेवतात आणि पेरणी फसली तर तरवा टाकून रोप लावतात. चढावरच्या वरकस जमिनीत नाचणी ठेवतात, कारण पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते. धनगरवाड्यावर गेलात तर कोणत्या उतारावरचे गवत आधी वाळते, उन्हाळ्यात कुठला झरा आटला की म्हशी कुठे न्यायच्या, हे घरातली बाई न अडखळता सांगेल. हवामान बदलाला तोंड देणे म्हणतात ते हेच. फक्त ते कुणी लिहून घेतलेले नाही.

जगात इतरत्र हे काम झाले आहे. पेरू देशात कुस्कोजवळ पिसाकच्या डोंगरात क्वेचुआ शेतकऱ्यांनी आपल्या गावांची जमीन एकत्र करून ‘बटाटा उद्यान’ राखले आहे. खालच्या शेतात कीड-रोग वाढले आणि बटाट्याची लागवड वरवर सरकू लागली, हे त्यांनी स्वतः तपासले. २००४ साली लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून त्यांनी जुने ४०० हून अधिक वाण आपल्या शेतात परत आणले. तिथे शास्त्रज्ञ होते, पण ठरवणारे शेतकरी होते. हवामान बदलावरच्या २०१५ च्या पॅरिस करारातही कलम ७ मध्ये आदिवासींचे व स्थानिकांचे ज्ञान विचारात घ्यावे, असे नमूद आहे.

आपल्याकडे मात्र अडचण मुळातच आहे. सिद्दी अनुसूचित जमातीत आले, पण गवळी धनगर आणि कुणबी यांची तीच मागणी वर्षानुवर्षे पडून आहे. त्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हशींमागे डोंगर पालथा घालणाऱ्या माणसाने इतका जुना कागद आणायचा कुठून? त्यात याच पट्ट्यातले भीमगडचे जंगल २०११ मध्ये अभयारण्य झाले आणि आतल्या गावांच्या स्थलांतराचा विषय पुढे आला. ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. रस्ता, दवाखाना, शाळा यांची आस त्यांनाही आहे आणि ती रास्त आहे. पण गाव उठले की तिथला झरा कधी आटायचा, कोणते भात कुठल्या खाचरात टिकायचे, हे सांगणारे चार दिशांना पांगतात. मग ते पुन्हा गोळा करता येणार नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, मार्कंडेय आणि घटप्रभा या तिन्ही नद्या पात्र सोडून वाहिल्या. २०२३ साली कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. चार वर्षांत ही दोन टोके पाहिल्यावरही आपण फक्त नुकसानभरपाईच्या याद्या करत बसणार का?

यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार लोकांची जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंद, करण्याची तरतूद आहे. ती कार्यालयात बसून भरण्यापेक्षा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी पेरणीआधी वाड्यावाड्यांवर बैठका घ्याव्यात. त्या मराठीत घ्याव्यात, कारण कन्नड अर्जापुढे धनगरवाड्यावरची आजी गप्प बसते. बायकांना वेगळे बसवून विचारावे. बियाणे आणि चारा त्याच सांभाळतात. नोंदवहीची एक प्रत गावाकडेच राहावी. कॉलेजच्या मुलांना लेखनिक म्हणून सोबत घेता येईल. आपल्या वार्ताहरांनीही अशा बैठकांना जावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव