घसा दाखवून घे, ऋता

प्रिय ऋता,

अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "नेटवर्क खराब होतं वाटतं." मी काही बोलले नाही. नेटवर्क चांगलं होतं. रियाधच्या फ्लाइटचं गेट बदलल्याची अनाउन्समेंट मला शब्दन् शब्द ऐकू येत होती. येत नव्हता तो तुझा आवाज. पुन्हा फोन केला तर तू पुन्हा बोलत बसशील, म्हणून पत्र लिहितेय. उत्तरही लिहूनच दे. व्हॉइस मेसेज नको.

घशाबद्दल एकदाच सांगते आणि सोडून देते. आवाज बसणं मला नवीन नाही. शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात निम्म्या स्टाफरूमचे घसे बसलेले असायचे, माझाही. पण ते आठ-दहा दिवसांत सुटायचे. तुझा सिंगापूरच्या आधीपासून घोगरा आहे, महिना होत आला. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचंच असतं, मग दुखत असो की नसो. "दुखत नाही गं आई" हे तू तीनदा म्हणालीस. दुखण्याचा प्रश्नच नाहीये.

बरं, आता बाकीचं. दादाचं ठरलं एकदाचं, तो सविस्तर कळवेलच. आत्याचा गुडघा बरा आहे, जिने चढायला लागली. बाबांची तुझ्या वेळांची वही जोरात चालू आहे. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशाची वेळ एक केली, हे त्यांना तू अल्माटीला गेलीस तेव्हा कळलं आणि वहीतला एक अख्खा रकाना खोडावा लागला. रॉटरडॅमच्या फेऱ्यांमुळे ते शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाचे, दिवसही मोजतात, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०, आणि तू मोजत नाहीस अशी त्यांची पक्की समजूत आहे. पासपोर्टवर शिक्के मारणं आता तिकडे बंद होत चाललंय, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात, याचं त्यांना फार वाईट वाटलं. तुझ्या जुन्या पासपोर्टची पानं ते अजून चाळत बसतात.

त्या वहीवरूनच मला एक गोष्ट दिसली, तीच सांगायची होती. सिंगापूरला सोमवार ते शुक्रवार तू सुरक्षेचं ट्रेनिंग दिलंस. शनिवार विमानात. रियाधला आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणजे रविवारी सकाळी तू पुन्हा शिकवायला उभी. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार, सिंगापूरला शनिवार-रविवार, आणि या दोन्हींच्या फटीत तुझी सुट्टी पडून गेली. वर घड्याळ पाच तास मागे. ज्याने हे कॅलेंडर लावलं त्याला दोन शहरं दिसली, मधला माणूस दिसला नाही. तू तरी बघ. तुझ्या दुबईला २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे म्हणतेस, पण तुझ्या वाट्याला ती किती येते? बाबांच्या वहीत मला सलग दोन मोकळे दिवस शोधावे लागले.

आणि तो शनिवार म्हणजे काही विश्रांती नव्हे. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. त्यात इंजिनची घरघर. गोंगाटात माणूस आपला आवाज नकळत चढवतो, त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, एटिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. म्हणजे शेजारच्या सीटवरच्या बाईशी तू तासभर गप्पा मारल्यास (आणि तू मारतेसच) तर ते तासभर ओरडणंच होतं. मग शिपयार्डमध्ये काय होत असेल? तुझ्या ट्रेनिंगची माणसं कानाला मफ लावून काम करणारी. त्यांना ऐकू जावं म्हणून तू किती चढवत असशील, याचा तुला पत्ताही लागत नसणार.

तू पाठवलेला तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते विचारू नकोस. पिवळी हेल्मेटं काढून बाजूला ठेवलेली, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची त्याच्या सरावाचे पुतळे, ते मॅनिकिन, जमिनीवर मांडलेले, तू गुडघ्यांवर बसलेली आणि कोपर सरळ. छातीच्या मधोमध तळहात ठेवून मोजतेस, एक, दोन, तीन, चार, तीसपर्यंत, मग दोन श्वास, मग पुन्हा एकपासून. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल गेला पाहिजे, मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे मला आता पाठ झालंय. तुझ्या मागे उभा असलेला तो थोराड माणूस आधी हसत होता, पाहिलंस ना? तू त्याचा हात धरून नेमकी जागा दाखवलीस आणि त्याचं हसू थांबलं. मग तो इतका मन लावून दाबायला लागला की घामाघूम झाला. तो बाप असेल कुणाचा तरी. उद्या त्याच्याशेजारचा माणूस कोसळला तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या दोन हातांखेरीज तिथे काही नसणार, आणि ते हात तू तयार केलेस. मी इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्या शिकवण्यावर कुणाचा श्वास अवलंबून नव्हता. मला तुझा फार अभिमान वाटतो, ऋता. फोनवर हे म्हणायला जाते आणि जेवलीस का, एवढंच विचारते.

पण त्याच व्हिडिओत शेवटच्या बॅचला तुझं मोजणं ऐक. वीसच्या पुढे आवाज फाटतो. सत्तावीस, अठ्ठावीस नुसती हवा. तू घसा खाकरतेस आणि पुन्हा सुरू करतेस. ते खाकरणं सर्वांत वाईट. त्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात, सूज वाढते, सूज वाढली की काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळ. आणि कुजबुजून बोलणं म्हणजे आराम, असंही समजू नकोस, कुजबुजताना पुष्कळ जणांच्या घशावर उलट जास्त ताण येतो. बोलायचं नाही म्हणजे बोलायचंच नाही.

मोजायला तू कशाला हवीस? मोबाइलवर मेट्रोनोम, ते ठोके देणारं ॲप, लाव, मिनिटाला ११० वर. माणसांना ठोका कळेल आणि तुला त्यांचे हात बघायला सवड मिळेल. कॉलर माइक माग, शिपयार्ड असो की हॉटेलातला हॉल. "पंधराच जण आहेत, माइक कशाला" असं म्हणणारे भेटतील, त्यांच्या भिडेला पडू नकोस. पंधरा जणांपुढे दिवसभर बोलणारा घसा पंधरा जणांचा नसतो, एकाचाच असतो. स्त्रीच्या आवाजात हे तंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात. दिवसाचा हिशोब तूच कर. आणि पाणी सेशनच्या मध्ये दोन घोट पिऊन भागत नाही. आपण पितो ते पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवरून नाही. ते सगळ्या शरीरात भिनेल तेव्हा त्यांना ओलावा मिळतो, म्हणून आदल्या दिवसापासूनच पीत राहा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवी होऊ नकोस, पोटातलं आम्ल वर येतं आणि तेही घशालाच…

थांबते. वर्ग घ्यायला लागले मी तुझा. तू स्वतः दुसऱ्यांना सुरक्षितता शिकवतेस, तुला यातलं निम्मं तरी ठाऊक असणार. रागावू नकोस. एवढ्या लांबून आईच्या हातात दुसरं काय असतं, ते सांग.

तू बोलायला उशिरा लागलीस हे तुला कुणी सांगितलंय का? आजीला फार काळजी. सगळी मुलं बडबड करतायत आणि तू नुसती बघत बसायचीस. हवं ते बोटाने दाखवायचीस, ओठ मिटून. आणि मग एकदा बोलायला लागलीस ती लागलीसच. चौथीत वक्तृत्व स्पर्धेत माइक बंद पडला तेव्हा तू थांबली नाहीस. परीक्षक हात करत होते, थांब, थांब. तू स्टेजच्या अगदी कडेला आलीस आणि मागच्या भिंतीकडे बघून उरलेलं भाषण पूर्ण केलंस. नंबर आला नाही, वेळ जास्त झाली म्हणून. घरी येताना म्हणालीस, "पण मागच्यांना ऐकू गेलं ना?" आजही तुला तेवढंच हवं असतं, मागच्यांना ऐकू जावं. म्हणूनच मला धास्ती वाटते. तू थांबणारी नाहीस.

अल्माटीचं तूच सांगितलेलं आठवतंय? दुभाषी बर्फात अडकला, दोन तास आलाच नाही, आणि तू अग्निशामकाचं सेशन एक शब्द न बोलता घेतलंस. पिन ओढून दाखवलीस, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे धरून 'नाही' अशी मान हलवलीस, मग बुडाशी धरलीस, खटका दाबलास, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलीस. मग एकेकाच्या हातात सिलिंडर दिलास. तू म्हणाली होतीस की, आई, त्या दिवसाइतकं चांगलं ट्रेनिंग मी कधी घेतलंच नसेल, कारण सगळा वेळ तेच करत होते आणि मी बघत होते. मग? न बोलताही तुला येतं. दुभाषी असतो तेव्हासुद्धा त्याचं सांगून होईपर्यंत तू गप्प राहू शकतेस, त्याच्या बोलण्यात आपली भर घालायची गरज नाही. दोन आठवडे दुसऱ्या कुणाला बोलू दे आणि तू हातांनी शिकव. नाहीतर ऑफिसला स्पष्ट कळव की पुढची बॅच दुसऱ्या ट्रेनरला द्या. त्याने तू कमी ठरत नाहीस. उंचावर काम करणाऱ्या कुणाच्या हार्नेसचा पट्टा उसवला असेल तर त्या माणसाला तू वर चढू देशील का? नाही ना देणार.

आप्पांचं तुला ठाऊक आहे. तू लहान होतीस, पण घरातली शांतता आठवत असेल. तेही म्हणायचे, दुखत नाही, थंड काही प्यायलो असेन, होईल बरं. चारचौघांत खणखणीत बोलणारा माणूस. पाटीवर लिहून पाणी मागायचे. मला त्यावर जास्त लिहायचं नाही. तुझं तसं काही नाही, नसणारच, तू तंबाखूच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाहीस. तुझ्या कामात दिवसभर बोलणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर छोट्या गाठी येतात, त्या साध्या असतात, बहुतेकदा आवाजाला विश्रांती आणि व्हॉइस थेरपीनेच जातात. मी वाचलंय सगळं. वाचलंय म्हणूनच सांगते की साधं आहे की नाही हे फोनवर आवाज ऐकून मला कळत नाही, तुला आरशात बघून कळत नाही. दुर्बिणीतून बघितल्याशिवाय ते डॉक्टरांनाही कळत नाही. नाकातून बारीक नळी घालतात, काही मिनिटांचं काम आहे. विम्याचं कारणही नको. दुबईत नोकरी देणाऱ्याने आरोग्य विमा काढून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तुझ्याकडे कार्ड आहे, पर्सच्या कुठल्या कप्प्यात आहे तेही मला माहीत आहे.

एकदाच सांगते म्हटलं होतं, आणि पत्रभर दुसरं काही लिहिलं नाही.

पुढचं जग बघायचं राहिलंय तुझं, ते बघ. मी कधी अडवलं नाही आणि अडवणारही नाही. तू कुठल्याशा बंदरावरून सूर्योदयाचा फोटो पाठवतेस तेव्हा बाबा तो शेजारीपाजारी दाखवून येतात, मी नकाशात ते बंदर शोधते. मला या घरात बसून रॉटरडॅमच्या धक्क्यावरचा वारा माहीत झाला तो तुझ्यामुळे. फक्त रियाधहून परतलीस की पुढचं तिकीट काढण्याआधी अपॉइंटमेंट घे. पुढच्या बॅचनंतर नाही, आधी.

दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट देतात, फोटोही असतात. जसेच्या तसे पाठव, मला समजले नाहीत तरी चालतील. आणि डॉक्टर जे सांगतील ते बाबांना एक आणि मला एक असं करू नकोस. मागच्या वेळी केलं होतंस, मला नंतर कळलं.

तुझी,
आई