गरिबाला थांबता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देश जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत जाऊन बसला, राज्यांमध्ये सगळ्यात मोठी उलाढाल महाराष्ट्राची, मग विदर्भातलं खेडं अजून गरीब का, हा प्रश्न आपल्या अंकात अधूनमधून येतो. उत्तरं ठरलेली असतात: जमीन कोरडवाहू, लोक आळशी, नाहीतर दारू. दारूचंच म्हणाल तर शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे (कागदावर का होईना), पण तिथला कापूसवाला आमच्यापेक्षा श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगवर (कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) मुनीम होतो, त्यातच उमर गेली. कोणाचा कापूस कोणत्या महिन्यात काट्यावर आला, हे लिहिणं माझं काम होतं. त्या वह्यांवरून जे कळलं ते लिहितो.

दिवाळीच्या आधी ओला कापूस घेऊन जो सगळ्यात पहिले येतो, तो सगळ्यात लहान शेतकरी. दोन-तीन एकराचा, किंवा दुसऱ्याचं वावर मक्त्यानं केलेला. कृषी केंद्राची खताची, फवारणीची उधारी थकलेली असते. वेचणाऱ्या बायांना बाजाराच्या दिवशी वेचाई द्यावी लागते, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्याच्या वावरात जातात आणि त्यात त्यांची चूक नाही. शिवाय हरभरा पेरायचा असतो. भाव काय ते तो विचारतो, पण परत जायची सोय त्याला नसते. असे सगळे एकदमच येतात, म्हणून भावही तेव्हाच पडतो. संक्रांतीच्या आगेमागे मधले शेतकरी येतात. मार्च-एप्रिलमध्ये ज्याची गाडी लागते त्याच्या घरात कोणाचा तरी पगार येत असतो, नाहीतर त्यानं खेडा खरेदीत, म्हणजे गावात दारोदार फिरून, दिवाळीचा तोच कापूस भरून ठेवलेला असतो.

2021-22 च्या हंगामात हे अगदी उघडं दिसलं. दिवाळीच्या सुमाराला क्विंटलला आठ हजारांच्या आसपास असलेला कापूस उन्हाळ्यात दहा हजारांच्या वर गेला. तोवर लहान शेतकऱ्याच्या घरात वातीपुरताही कापूस उरला नव्हता. ते पाहून पुढच्या साली लोकांनी जिवावर उदार होऊन कापूस घरात ठेवला. निजायच्या खोलीत गंजी, अंगाला खाज, चुलीच्या ठिणगीची भीती, वाळून वजन घटलं ते वेगळं. आणि भाव चढायच्या ऐवजी उतरला. थांबलं की फायदाच होतो, असं मी म्हणत नाही. पण व्यापारी थांबतो तो गोदामात, विमा उतरवून, बँकेच्या पैशावर. शेतकरी थांबला तो पोरांच्या अंथरुणाशेजारी कापूस रचून, उधारीवर. एकाचा अंदाज चुकला तर नफा कमी होतो, दुसऱ्याची पुढची पेरणी अडते.

मग सरकारी हमीभाव आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये जाहीर झाले. त्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवा, सातबाऱ्यावर पेरा दाखवा, तारीख मिळेल तेव्हा गाडी घेऊन या. ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत. सगळं जमलं तर चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, बँकेच्या खात्यात. खासगी व्यापारी क्विंटलमागे हजारभर रुपये कमी देतो, पण दारात येतो आणि नगद देतो. मक्त्यानं करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो, त्याला तर पहिल्याच पायरीवर घरी पाठवतात. हमीभाव खरा आहे, पण तो ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी आहे. ज्याच्यासाठी काढला तो ते हजार रुपये नगदीपायी सोडून देतो, आणि शहरातली माणसं म्हणतात, या लोकांना व्यवहार कळत नाही. मी त्यांचे व्यवहार जन्मभर लिहिले. पै-पैचा हिशेब असतो त्यांच्याकडे.

पीककर्जाचीही तीच गत. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. म्हणून मार्च आला की गावोगाव नवं-जुनं सुरू होतं. चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून शेकडा तीन-चारनं उचलायचं, बँकेत भरायचं, नवं कर्ज उचलून सावकाराला परत करायचं. बिनव्याजी कर्जावर व्याज बसतं ते असं. मजुराचं बघा. रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी, 1972 च्या दुष्काळातून पुढे आलेली, 1977 चा कायदा झालेली. केंद्राच्या 2005 च्या कायद्यानं मजुरी पंधरा दिवसांच्या आत देणं बंधनकारक केलं. 2025-26 ला राज्यातला दर दिवसाला 312 रुपये ठरला. पण ज्याच्या घरी आज संध्याकाळचं तेल-मीठ आणायचं आहे, त्याला पंधरा दिवसही लांबच पडतात, आणि हप्ते पंधरा दिवसांत पडतातच असंही नाही. तो कमी पैशात शेजारच्या वावरात जातो. दुखणं मात्र तो अंगावर काढतो. हर्नियाचं ऑपरेशन कापूस निघाल्यावर, कापूस निघाला की तूर निघाल्यावर. तेवढ्या एका बाबतीत गरीब माणूस थांबतो, आणि तिथंच थांबायला नको असतं.

आता कोणाला थांबावं लागत नाही तेही बघा. 20 सप्टेंबर 2019 ला अर्थमंत्र्यांनी कंपन्यांच्या नफ्यावरचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. घोषणाही त्याच दिवशी, वटहुकूमही त्याच दिवशी. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सुटेल, हा सरकारचाच अंदाज. एप्रिल 2022 मध्ये कापसाचे भाव वर गेले, गिरण्यांची ओरड झाली, आणि कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं. ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा उठलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग लगेच डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे दिवाळीचा लहान शेतकरी काट्यावर यायचा नेमका तोच काळ. गिरण्या चालल्या पाहिजेत, माझा रोजगारही त्याच साखळीतला होता. पण आमच्यासाठी इतकं चटकन काही झाल्याचं आठवत नाही. गोसीखुर्द धरणाचा पाया 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते घातला, खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. खर्च हजारो कोटींवर गेला, तीन तपं उलटली, काम चालूच आहे. 2008 ची कर्जमाफी आली तेव्हा पूर्ण माफीला दोन हेक्टरांची अट होती. आमच्याकडे सात-आठ एकर कोरडवाहूवाला माणूस ओलिताच्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, पण तो अटीबाहेर राहिला.

लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये फुकटचे म्हणून नाकं मुरडणारे खूप आहेत. मला ते पैसे उपयोगाचे वाटतात, कारण ते नगद येतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईनं त्यावर वेचाई भागवली आणि कापूस महिनाभर ठेवला. एवढ्याशा रकमेनं जर थांबता येत असेल, तर त्याची नीट व्यवस्था करायला काय हरकत आहे? व्यवस्था आहेसुद्धा. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी उचला, भाव आला की विका. आमच्या भागाचं मुख्य पीक कापूस, तोच या यादीत नाही. जागा जास्त लागते, आगीचा धोका असतो, ही कारणं मला ठाऊक आहेत. पण जिनिंगच्या आवारात व्यापाऱ्याचा कापूस महिनोन् महिने पडून असतो आणि बँक त्यावर पैसे देते, तेव्हा ही कारणं आडवी येत नाहीत. सहकारी जिनिंगच्या बंद पडलेल्या जागा तालुक्या-तालुक्यात आहेत. कापसाला तारण द्या, आणि मक्त्यानं करणाऱ्याचा मालही त्यात धरा. सातबारा नसला तरी गावात कोणी कोणतं वावर केलं हे सगळ्यांना माहीत असतं.

एक विनंती आपल्याकडेही आहे. आपण रोज बाजारभाव छापता: किमान, कमाल, सरासरी. त्यात एक रकाना वाढवा, त्या बाजारात चुकारा किती दिवसांनी मिळाला. सरकारी केंद्राचाही आणि व्यापाऱ्याचाही. आमच्याकडे सकाळी पेपर आला की आधी तेच पान उघडतात.

आपला,
एक निवृत्त मुनीम,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ